सहा फेऱ्या मोज, बाय

डिचोली,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय बाय,

तुझे चार फोटो मिळाले. सहा पावसाळे ताडपत्रीखाली काढलेली बाबांची बुलेट तू अंगणात तुळशीपाशी आणून उभी केलीस, हे पाहून तुझी आई रडली असेल. मी रडलो नाही, मी फोटो मोठा करून चेन बघत बसलो. जन्माची खोड आहे, जाणार नाही.

फोटोखाली तू लिहिलंस : “मामा, आरसी बुकावर १९७८ आहे. पण इथला मेस्त म्हणतो, गिअरबॉक्स या सालचा नाही, वेगळा कुठला तरी आहे. सत्तरच्या पुढे गेलं की इंजिन रडतं, हाताला मुंग्या येतात. मोपा विमानतळावरच्या ड्युटीला रोज हायवेनं जायचंय. पाच गिअरचा डबा टाकून घेऊ का?”

दोन ओळींचं उत्तर फोनवर देता आलं असतं. पण हाच प्रश्न डिचोलीत, अस्नोड्यात, म्हापशात कुणी ना कुणी मला विचारत असतं. कुणाला आजोबांची गाडी सापडलेली असते, कुणी हरमलला एखाद्या परदेशी पाहुण्याची सोडून दिलेली बुलेट विकत घेतलेली असते. कागदावर एक साल, पोटात दुसरंच. म्हणून पत्र तुला लिहितोय, पण उघडं ठेवतोय. ज्याला लागेल त्यानं वाचावं.

आधी सालाचं भूत उतरवू. आरसी बुकावरचं साल हे चासीचं आणि इंजिनाचं. गिअरबॉक्सला जन्मदाखला नसतो. आपल्या बुलेटचं इंजिन आणि गिअरबॉक्स हे दोन वेगळे डबे, बोल्टांनी एकमेकांना धरलेले. त्यामुळे एक काढून दुसरा बसवणं सोपं, आणि गोव्यात तर ते इतक्या वेळा झालंय की विचारू नकोस. लष्कराच्या लिलावातून बुलेट यायच्या, त्यातल्या निम्म्या सुट्या भागांसाठी फोडल्या जायच्या. किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे गोरे गाडी घेत, चार महिने पळवत आणि जाताना विकून मोकळे होत. पुढच्या मोसमात तीच गाडी दुसऱ्याच डब्यानिशी दिसायची. तेव्हा तुझा मेस्त म्हणतो ते खरं असू शकतं. पण त्यानं घाबरायचं कारण नाही. साल विचारायचं नसतं, दात मोजायचे असतात.

या डब्याचं मूळ घराणं इंग्लंडातलं. बर्मिंगहॅमची अल्बियन कंपनी गिअरबॉक्स बनवायची आणि रेडिचची रॉयल एनफिल्ड ते आपल्या गाड्यांना लावायची. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया निघाली, तिरुवोट्टियूरला कारखाना आला आणि ३५० ची बुलेट तिथं तयार होऊ लागली. आपण तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होतो. पत्रादेवीच्या सरहद्दीपलीकडे बुलेट भारतीय होत होती आणि त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला अलीकडे सत्याग्रहींवर गोळ्या चालत होत्या. पुढं १९६१ आलं, सरहद्द पुसली गेली आणि मद्रासची बुलेट आपल्या रस्त्यावर उतरली. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद झाला. आईबापांचं घर मोडलं, पण सासरी दिलेली मुलगी नांदत राहिली, तशातली गत.

नांदली म्हणजे किती? चार गिअरचा, उजव्या पायानं टाकायचा, पहिला वर आणि पुढचे तीन खाली, टाचेनं दाबायची न्यूट्रलची वेगळी दांडी असलेला तो डबा जवळजवळ अर्धं शतक आपल्याकडे बनत राहिला. आतले आकडे पाठ करून ठेव : पहिला २.७८, दुसरा १.८४, तिसरा १.३६, चौथा १. पाच गिअरचा, डाव्या पायाचा डबा आला तो २००० साल उलटल्यावर. त्याचे आकडे : ३.०६, २.०१, १.५२, १.२१ आणि १.

आता हे आकडे म्हणजे काय ते सांगतो. तू शिकलेली आहेस, तरी ऐक. २.७८ म्हणजे डब्यात शिरणारा दांडा २.७८ वेळा फिरतो तेव्हा बाहेर पडणारा एकदा फिरतो. वेग तितक्या पटीनं घटतो, जोर तितक्या पटीनं वाढतो. जोर हवा तर वेग सोड, वेग हवा तर जोर सोड. दोन्ही एकदम देणारा डबा अजून कुणी बनवलेला नाही, आणि माणसांत तसा कुणी मला भेटलेला नाही.

पण ही घट एका ठिकाणी होत नाही, तीन ठिकाणी होते. पहिली इंजिन ते क्लच : इंजिनावर २५ दात, क्लचवर ५६, म्हणजे २.२४. दुसरी डब्याच्या आत, जी आपण पाहिली. तिसरी मागच्या चेनीत : चाकावर ३८ दात आणि डब्यावर जे पुढचं स्पॉकेट असेल त्याचे दात. तिन्हींचा गुणाकार केला की खरा आकडा निघतो. पुढं १६ दातांचं स्पॉकेट असेल तर टॉपमध्ये ५.३२ येतात. चाक एकदा फिरायला इंजिनाला सव्वापाचच्या वर फेऱ्या माराव्या लागतात. पहिल्या गिअरमध्ये तोच आकडा १४.८. इंजिनाचा जोर चाकावर जवळजवळ पंधरापट होऊन पोचतो. १८ अश्वशक्तीचं हे यंत्र दोन माणसं आणि तांदळाचं पोतं घेऊन घाटी का चढतं, त्याचं उत्तर या पंधरात आहे.

आता दोन्ही डब्यांच्या रांगा पुन्हा बघ. शेवटचा आकडा बघ. चारच्या डब्याचा टॉप १, पाचच्या डब्याचाही टॉप १.

म्हणजे काय, कळलं ना? क्लच, चेन, मागचं चाक सगळं आहे तेच ठेवून तू पाचचा डबा बसवलास, तर हायवेवर टॉपमध्ये इंजिन आज जेवढ्या फेऱ्या मारतं तेवढ्याच उद्याही मारणार. पाचवा गिअर वर जोडलेला नाही, मध्ये खुपसलेला आहे. पहिला थोडा जास्त जोराचा केला आणि मधल्या पायऱ्या जवळ आणल्या. चारच्या डब्यात तिसऱ्यातून चौथ्यात जाताना इंजिनाचा वेग चौथाईहून जास्त पडतो. पाचच्या डब्यात चौथ्यातून पाचव्यात जाताना सहाव्या हिश्शाच्या आसपास पडतो. शहरात, गर्दीत, ओझं घेऊन चढताना त्याचा फायदा आहे, नाही म्हणत नाही. पण तुझी तक्रार सत्तरच्या पुढची आहे. त्या दुखण्यावर हे औषध नाही. शिवाय गिअर डाव्या पायाला येणार, ब्रेक उजव्या. बाबांनी तुला बारावीच्या सुट्टीत उजव्या पायाचे गिअर शिकवले. बैल आडवा आला की डोकं विचार करत नाही, पाय करतो. मोपाच्या रस्त्यावर पहाटे चारला तो चुकीचा पाय दाबला गेला तर काय, हे मला लिहवत नाही.

दुसरं एक औषध तुला कुणीतरी सुचवेल, तेही सांगून टाकतो : दोन जुने डबे घेऊन त्यातली बरी दातेरी चाकं एकत्र करून एक डबा करायचा. मी हे केलंय. वीस वर्षांचा होतो, डिचोलीच्या बाजारात एका गॅरेजमध्ये शिकत होतो. एका डब्यातल्या एका चाकाचे दात उडाले होते. मी कुठल्या तरी दुसऱ्या डब्यातलं तसंच दिसणारं चाक उचललं आणि बसवलं. इतकं सहज बसलं की मी स्वतःवर खूश झालो. तिथंच संशय यायला हवा होता.

गिअरबॉक्सच्या आत दोन दांडे असतात, समांतर. त्यांच्यामधलं अंतर कवचानं ठरवून दिलेलं, ते हलत नाही. एका दांड्यावरचं चाक दुसऱ्यावरच्या चाकाला भिडतं, तेव्हा दातांचा आकार तोच असेल तर दोघांच्या दातांची बेरीज ठरलेलीच असावी लागते. समज, बेरीज ४४ आहे. तर १८ ला २६ हवा, १९ ला २५ हवा. कारखान्याला एखाद्या वर्षी गिअरचं प्रमाण बदलायचं असेल तर एकाचा दात वाढवून दुसऱ्याचा कमी करावा लागतो, जोडी बदलावी लागते. मी जोडीतलं एकच बदललं. माझी बेरीज एकानं कमी पडली. चाकं एकमेकांना नीट भिडलीच नाहीत, नुसती टेकली. गाडी गायला लागली. दुसऱ्या गिअरमध्ये असा सूर धरायची की कुणीतरी लांबून शिट्टी मारतंय. गिऱ्हाईक म्हणालं, आवाज छान येतो. पंधरा दिवसांनी डबा उघडला तर ग्रीसमध्ये चांदीसारखी कणी चमकत होती. बोटावर घेतली, चोळली, खरखरली. माझ्या मेस्तानं ते बोट धरून माझ्याच कपाळाला पुसलं. बाकी काही बोलला नाही.

तेव्हा डबा उघडशील तर जोडी बदल, एकटं चाक कधीही नको. आणि शक्यतो उघडूच नकोस.

मग करायचं काय? तुझं दुखणं डब्यात नाही, डब्याच्या बाहेर आहे, असा माझा कयास आहे. पुढच्या स्पॉकेटमध्ये. बुलेटला तिथं १५, १६, १७, १८ असे दात चालतात. ५०० च्या बुलेटला जास्त दातांचं स्पॉकेट येई, कारण तिच्याकडे ओढायला ताकद जास्त. एक दात म्हणजे फार नाही असं वाटतं, पण हिशेब कर. मागच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर धर. ऐंशीच्या वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६६७ वेळा फिरतं. १५ दातांवर इंजिन तेव्हा मिनिटाला जवळपास ३७८० फेऱ्या मारतं, १७ दातांवर ३३४०. साडेचारशे फेऱ्या कमी. ७० मिलिमीटर रुंद आणि ९० मिलिमीटर लांब उडीचा तो एकटा पिस्टन मिनिटाला साडेचारशे वेळा कमी वर-खाली होणार. हाताला येणाऱ्या मुंग्या बहुधा त्याच आहेत.

आता मला १५ चाच संशय का येतो, ते ऐक. हे तुला बाबांनी कधी सांगितलं नसणार.

१९८४ मध्ये त्यांनी ही बुलेट घेतली तेव्हा ती सहा वर्षांची होती, नंबर जीडीनं सुरू होणारा, आणि पुढं १६ दातांचं स्पॉकेट. तेव्हा ते डिचोलीच्या बाजूला खाणीवर टाइमकीपर होते. तो रस्ता तू पाहिला नाहीस. लाल धूळ, पावसात लाल चिखल. भरलेले टिप्पर खाणीवरून खाली नदीकाठच्या धक्क्यांकडे, रिकामे वर. खनिज बार्जमध्ये पडायचं, मांडवीतून मुरगावला जायचं, तिथून जपानला. त्या रस्त्यावर बुलेटला वेग लागतच नव्हता. लागायचा तो चढावर, टिप्परच्या मागं, माणसाच्या चालीनं चालण्याचा दम. त्यातून मागं नेहमी कुणीतरी. बाबांनी कधी गाडी एकट्यानं चालवली असेल असं मला आठवत नाही. रात्रपाळी सुटलेला कामगार, आजारी माणूस, कुणाची बाळंतीण, आणि शिरगावच्या लईराईच्या जत्रेला दोन-दोन व्रतस्थ धोंड.

दोन वर्षांत क्लचच्या पट्ट्या दोनदा जळल्या. तेव्हा मी म्हटलं, “भावोजी, एक दात कमी करूया.” त्यांनी विचारलं, “त्यानं काय होईल?” मी म्हटलं, “पहिल्या गिअरचा आकडा १४.८ वरून पावणेसोळावर जाईल. चढाला बरं. पण म्हापशाला जाताना ओरडेल.” ते म्हणाले, “म्हापशाला वर्षातून किती वेळा जातो मी?” बोलणं संपलं.

तो दिवस मला हाताच्या रेषेसारखा दिसतो. बुलेटचं चेनकेस म्हणजे डाव्या बाजूचं ते लांबट झाकण. मधोमध एकच मोठा नट, तो सोडला की सगळं झाकण हातात येतं. खाली परात ठेवायला विसरलो तर ऑइल सगळं अंगणात. पुढचं स्पॉकेट त्या क्लचच्या मागं दडलेलं असतं, म्हणून एका दाताच्या कामासाठी क्लच, प्रायमरी चेन सगळं उतरवावं लागतं. तू तेव्हा जन्मालाही आली नव्हतीस. तुझी आई वरचेवर येऊन विचारत होती, “जेवायचं आहे की नाही?” आणि बाबा पायरीवर बसून जुनं १६ चं स्पॉकेट रॉकेलमध्ये धूत होते. दात मोजून म्हणाले, “बरोबर सोळा. मी याचे पैसे दिलेत, टाकायचं नाही.” ते त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. कोठीच्या खोलीत बघ, असेल.

पुढचं तुला ठाऊक आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. टिप्पर दारोदार उभे राहिले, टायरांत गवत उगवलं. भावोजी म्हणाले, वर्षभरात सुरू होतील. दोन वर्षं वाट पाहिली आणि मग तुम्ही सगळी पेडण्याला मूळ घरी गेलात. जाताना बुलेटवर ते आणि तू. डिचोली, अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, धारगळ. वाटेत दोनदा थांबलात म्हणे. २०१८ मध्ये कोर्टानं खाणींची लीज रद्द केली, त्या दिवशी त्यांचा मला फोन आला. खाणींबद्दल एक शब्द बोलले नाहीत. विचारलं, “१७ चं स्पॉकेट डिचोलीत मिळतं का रे?” मी म्हटलं, मिळेल, घेऊन येतो. ते म्हणाले, “घाई नाही.” नंतर तो विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पुढं ते गेले.

म्हणून बाय, त्या गाडीत आज काय आहे हे मला खरोखर ठाऊक नाही. मी बसवलेलं १५ असेल. धुऊन ठेवलेलं १६ परत चढवलं असेल. किंवा मला न सांगता कुणाकडून तरी १७ बसवून घेतलं असेल. डबा कुठल्या सालचा, हा तुझा प्रश्न. माझा प्रश्न हा.

दोन्हींचं उत्तर काही न उघडता मिळतं. माझ्या मेस्तानं शिकवलेली रीत देतो, तुझ्या मेस्तालाही दाखव.

गाडी मोठ्या स्टँडवर घे, मागचं चाक अधांतरी हवं. स्पार्क प्लग काढ. टॉप गिअर टाक, चाक हलवत हलवत टाकलास तर लागेल. टायरच्या कडेला खडूनं एक रेघ मार. आता प्लगच्या भोकावर अंगठा दाबून बस आणि आईला सांग, चाक पुढच्या दिशेनं हळू फिरव. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांनी एकदा पिस्टन हवा दाबत वर येतो आणि अंगठ्याला धक्का देतो. चाकाच्या सहा पूर्ण फेऱ्या होईपर्यंत धक्के मोज.

१७ धक्के आले तर स्पॉकेट १५ दातांचं. १६ आले तर १६ चं. १५ आले तर १७ चं. चौदाच्या थोडं वर थांबलं तर १८. दात कमी तितके धक्के जास्त, घोटाळा करू नकोस.

मग डब्याची परीक्षा. पहिला गिअर टाक आणि पुन्हा सहा फेऱ्या. चाक जड जाईल, दोघी मिळून ओढा. जो आकडा येईल त्याला टॉपच्या आकड्यानं भाग. या भागाकारात स्पॉकेट, क्लच, चेन सगळं गळून पडतं आणि फक्त डबा उरतो. २.७८ च्या आसपास आलं तर डबा जुन्या चारच्या घराण्यातला, मग तो १९७८ चा असो की १९९५ चा, तुला काही फरक पडत नाही. निर्धास्त चालव. भलताच आकडा आला तर मात्र कुणीतरी माझ्यासारखा वीस वर्षांचा शहाणा आत हात घालून गेलाय. मग मी येतो आणि उघडू.

आता सल्ला. डबा बरा निघाला तर १७ दात घाल. फार तर चेनीला एक कडी जास्त लागेल. १८ नको. हायवेला ते गोड वाटेल, पण मालपेची चढण आहे आणि पुढं मोपाच्या सड्यावर चढायचंय, पाऊस आणि वारा तोंडावर. तिथं तिसऱ्यात उतरावं लागेल आणि तू मला शिव्या देशील. नवीन स्पॉकेट मी इथून पाठवतो. फक्त जे निघेल ते टाकू नकोस. बिस्किटांच्या डब्यात ठेव, दुसऱ्याच्या शेजारी.

पण आधी मोज. आणि मोजलंस की रात्री कितीही वाजले असले तरी मला आकडा कळव. सतरा धक्के आले तर भावोजी शेवटपर्यंत खाणी सुरू व्हायची वाट बघत होते. पंधरा आले तर त्यांनी हायवे पत्करला होता, आणि मला सांगायचं तेवढं राहून गेलं.

चवथीला येतोच.

तुझा,
मामा